विश्लेषण : ‘कुली बॅरिस्टर’ ते मजुराचा वेश... एका शब्दाशी गांधीजींची २१ वर्षांची लढाई

फेब्रुवारी २०१६ मध्ये रेल्वे अर्थसंकल्प मांडताना तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी स्थानकांवरील कुलींना यापुढे ‘सहायक’ म्हटले जाईल, अशी घोषणा केली. आपल्याकडे ‘कुली’ म्हटले की लाल डगला आणि दंडावरचा बिल्ला आठवतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो शब्द आजही भारतीय वंशाच्या माणसाला दिलेली शिवी मानला जातो. याचे कारण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इतिहासात आहे. तिथे हा शब्द भारतातून आलेल्या प्रत्येकाला लावला जात होता. ऊसमळ्यातला मजूर कुली, दुकानदार कुली आणि लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास करमचंद गांधीही कुलीच. या एका शब्दाशी त्यांचा सामना कसा झाला आणि त्यात ते स्वतः कसे बदलले, याविषयी...

‘कुली’ शब्द आफ्रिकेत कसा पोहोचला?

तमिळमध्ये ‘कूली’ म्हणजे मजुरी. गुजरातच्या किनाऱ्यावरील कोळी समाजाच्या नावावरून हा शब्द आला, असेही एक मत आहे. मूळ काहीही असले तरी ब्रिटिश वसाहतींमध्ये तो आशियातून नेलेल्या स्वस्त मजुरासाठी रूढ झाला. नेटाल या ब्रिटिश वसाहतीत ऊस पिकत होता, पण मळ्यांवर राबायला पुरेशी माणसे मिळत नव्हती. म्हणून भारतातून करारावर मजूर नेण्याची योजना आखली गेली. मद्रासहून निघालेले ‘ट्रुरो’ हे पहिले जहाज १६ नोव्हेंबर १८६० रोजी डरबनला लागले. तेव्हापासून १९११ पर्यंत १ लाख ५२ हजारांहून अधिक भारतीय नेटालमध्ये नेले गेले.

करार पाच वर्षांचा असे. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि त्यावर अंगठा उठवणारा ‘गिरमिटिया’ ठरला. हा शब्द मजुरांनी स्वतःच्या बोलीतून घडवला होता. ‘कुली’ मात्र मालकांनी दिलेला होता. करार संपलेले काही मजूर तिथेच राहून भाजीपाला पिकवू लागले, फेरीवाले झाले. त्यांच्या मागोमाग गुजराती व्यापारी स्वतःच्या खर्चाने पोहोचले. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या दृष्टीने मात्र हे सगळे एकाच खात्यात जमा होते.

बॅरिस्टर गांधींना तो कसा चिकटला?

दादा अब्दुल्ला या मेमण व्यापाऱ्याच्या पेढीच्या खटल्यासाठी गांधीजी मे १८९३ मध्ये डरबनला उतरले. वय २३, करार एका वर्षाचा. पहिल्याच आठवड्यात डरबनच्या न्यायालयात दंडाधिकाऱ्यांनी त्यांना पगडी उतरवायला सांगितली. ते ती न उतरवता बाहेर पडले आणि त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहिले. पुढे पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट हातात असूनही त्यांना डब्यातून ढकलून देण्यात आले, तो प्रसंग सर्वपरिचित आहे.

त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे या शब्दापासून सुटण्यासाठी भारतीयांनी शोधलेल्या वाटा. मुस्लिम व्यापारी स्वतःला ‘अरब’ म्हणवून घेत. पारशी कारकून स्वतःला ‘पर्शियन’ म्हणवत. हिंदू कारकुनांना अशी सोय नव्हती. ते बहुधा ‘अरबां’च्या गटात सामील होत. उरले गिरमिटिया. बहुसंख्य तमिळ आणि तेलुगू भाषक. अनेक तमिळ नावांच्या शेवटी ‘स्वामी’ असते. त्यावरून गोऱ्यांनी त्यांना ‘सामी’ हे दुसरे नाव दिले होते. स्वामी म्हणजे मालक, हे हाक मारणाऱ्यांना बहुधा ठाऊकच नव्हते.

या वाटा समजण्यासारख्या आहेत. पण त्यांचा अर्थ काय होतो, हेही पाहायला हवे. मी कुली नाही, असे सांगणारा प्रत्येक जण नकळत एक गोष्ट मान्य करत होता : जो खरोखर कुली आहे, त्याला तसे वागवायला हरकत नाही. सुरुवातीला गांधीजींची तक्रारही याच्या जवळपासच होती. सुशिक्षित, स्वच्छ, कायदा पाळणाऱ्या भारतीयाला मजुराच्या पंक्तीत बसवले जाते, असा तिचा सूर होता.

बालसुंदरम भेटल्यावर काय बदलले?

खटला संपल्यावर गांधीजी परतणार होते. पण १८९४ मध्ये नेटाल सरकारने भारतीयांचा मताधिकार काढून घेणारे विधेयक आणले आणि ते थांबले. नेटाल इंडियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या वर्गणीचा आकडा पाहता ती मुख्यतः व्यापारी आणि कारकुनांची संघटना होती. गिरमिटिया तिच्यापासून दूरच होते.

त्याच काळात एके दिवशी बालसुंदरम नावाचा तमिळ गिरमिटिया त्यांच्या कार्यालयात आला. मालकाने मारहाण केल्याने त्याचे पुढचे दोन दात तुटले होते, तोंडातून रक्त येत होते. आणि त्याने डोक्याचे फडके उतरवून हातात धरले होते. गोऱ्या माणसासमोर जाताना ते उतरवायचे, हा नियम त्याच्या इतका अंगवळणी पडला होता की भारतीय वकिलापुढेही त्याने तेच केले. न्यायालयात स्वतःची पगडी न उतरवणाऱ्या गांधीजींनी त्याला फडके पुन्हा डोक्याला बांधायला लावले. मग त्याला डॉक्टरकडे नेले, दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले आणि त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे वर्ग करून घेतला. ही बातमी मळ्यामळ्यांत पोहोचली आणि गिरमिटिया त्यांच्याकडे येऊ लागले.

तीन पौंडांच्या कराचा हिशेब काय होता?

१८९५ मध्ये नेटालने कायदा केला. करार संपल्यावर मजुराने नवा करार करावा किंवा भारतात परतावे. दोन्ही नको असेल तर दरवर्षी ३ पौंड कर भरावा. पती, पत्नी आणि वयात आलेली दोन मुले धरली तर कुटुंबाला वर्षाला १२ पौंड. गांधीजींनी आत्मकथेत म्हटले आहे की, अशा पुरुषाची सरासरी कमाई महिन्याला १४ शिलिंगांच्या वर नव्हती. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे वर्षाची कमाई ८ पौंड ८ शिलिंग. कर कमाईपेक्षा मोठा होता.

त्याचा उद्देश महसूल हा नव्हताच. कुली म्हणून माणूस हवा होता, शेजारी म्हणून नको होता. ‘कुली’ या शब्दात हीच अट दडलेली होती : काम आहे तोवर राहा, माणूस म्हणून स्थायिक होऊ नका.

एका तारेने डरबन कसे पेटले?

१८९६ मध्ये कुटुंबाला न्यायला गांधीजी भारतात आले. राजकोटमध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या स्थितीवर पुस्तिका छापली. वेष्टनाच्या रंगामुळे ती ‘हिरवी पुस्तिका’ म्हणून ओळखली गेली. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली. पुण्यात ते लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले.

पुस्तिकेचा मजकूर त्यांनी आफ्रिकेत जे म्हटले होते, त्यापेक्षा सौम्यच होता. पण रॉयटर वृत्तसंस्थेने तिचा सारांश तारेने लंडनला कळवला आणि तिथून जेमतेम तीन ओळींची तार नेटालला गेली. तीन ओळींत पुस्तिका मावली नाही, राग मात्र मावला. गांधींनी भारतात गोऱ्यांची बदनामी केली आणि आता ते दोन जहाजे भरून भारतीय आणून नेटाल बुडवणार आहेत, असा प्रचार डरबनमध्ये सुरू झाला. सभा झाल्या, धमक्या दिल्या गेल्या. ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे प्लेगच्या कारणाने तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदरात अडकवून ठेवली गेली. जहाजांवरचे बरेच जण नेटालचे जुने रहिवासी होते किंवा पुढे दुसऱ्या प्रांतात जाणारे होते. पण ‘आक्रमण’ हा शब्द एकदा रुळल्यावर प्रवासी मोजायची गरज कुणाला वाटली नाही.

१३ जानेवारी १८९७ रोजी गांधीजी उतरले, तेव्हा जमावाने त्यांना विटा, दगड आणि सडक्या अंड्यांनी मारले. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी वाटेत आडव्या आल्या म्हणून ते वाचले. लंडनहून वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी हल्लेखोरांवर खटले भरण्याची सूचना केली. गांधीजींनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की, दगड मारणाऱ्या तरुणांना जे सांगितले गेले ते त्यांनी खरे मानले. दोष सांगणाऱ्या पुढाऱ्यांचा आणि शहानिशा न करणाऱ्या सरकारचा आहे. हिंसेआधीच्या भाषेची जबाबदारी कुणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी २७ व्या वर्षी दिले होते.

कायद्यातून ‘भारतीय’ शब्द का गायब झाला?

त्याच वर्षी नेटालने स्थलांतर निर्बंध कायदा केला. त्यात भारतीयांचा उल्लेखच नव्हता. येणाऱ्याला एखाद्या युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, एवढीच साधी दिसणारी अट होती. ती पूर्ण न करणारा ‘निषिद्ध स्थलांतरित’. साम्राज्यातील प्रजेत वर्णभेद नाही, असे म्हणण्याची सोय लंडनला हवी होती आणि ती या शब्दरचनेने मिळाली. चेंबरलेन यांनी हा नमुना इतर वसाहतींपुढे ठेवला. १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाने श्रुतलेखनाची चाचणी आणली, ती याच धर्तीवर. अपमानकारक शब्द काढून टाकला म्हणजे अपमान संपत नाही, याचे हे जुने उदाहरण आहे.

बोटांच्या ठशांचा वाद कशासाठी?

१९०३ पासून गांधीजी जोहान्सबर्गला वकिली करू लागले. तिथे भारतीयांना ज्या वस्तीत राहावे लागे, तिचे नावच ‘कुली लोकेशन’ होते. नगरपालिका तिथे ना रस्ते देई, ना दिवे, ना सफाई. आणि मग अस्वच्छतेचे कारण पुढे करून वस्ती हटवण्याची भाषा करी. १९०४ मध्ये प्लेग आला, वस्ती रिकामी करून जाळण्यात आली. आत्मकथेत या वस्तीविषयी लिहिताना गांधीजींनी तिची तुलना युरोपातल्या ज्यूंच्या मोहल्ल्यांशी केली आणि आपल्याच गावांबाहेरच्या अस्पृश्यांच्या वस्त्यांशीही. आपण घरी जे पेरले तेच परदेशात आपल्या वाट्याला आले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१९०६ मध्ये ट्रान्सवाल सरकारने नवा वटहुकूम काढायचे ठरवले. आठ वर्षांवरील प्रत्येक ‘आशियाई’ व्यक्तीने नोंदणी करायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि मागेल तेव्हा परवाना दाखवायचा. दहाही बोटांचे ठसे त्या काळी प्रामुख्याने गुन्हेगारांकडून घेतले जात. संपूर्ण समाजाला संशयित ठरवणारा हा मजकूर होता. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सुमारे तीन हजार भारतीयांनी तो न पाळण्याची शपथ घेतली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमिदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने जाळण्यात आले.

‘सत्याग्रह’ हा शब्द का घडवावा लागला?

लढ्याला सुरुवातीला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ म्हटले जाई. जर्मिस्टन येथे गोऱ्यांच्या एका सभेत विल्यम हॉस्किन या भारतीयांच्या हितचिंतकाने समजावले की, या लोकांना मत नाही, शस्त्रे नाहीत, ते दुबळे आहेत, म्हणून त्यांनी हा मार्ग धरला आहे. हेतू चांगला होता. पण गांधीजींना ते खटकले आणि त्यांनी तिथेच ते खोडून काढले. कीव करणारा शब्दही माणसाला लहान करतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रातून त्यांनी वाचकांकडे नाव मागितले, छोटे बक्षीस ठेवले. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवले. गांधीजींनी त्याचे ‘सत्याग्रह’ केले. सरकारने दिलेल्या आणि मित्रांनी दिलेल्या नावांच्या जागी समाजाने स्वतः घडवलेले नाव आले.

आफ्रिकी लोकांबद्दल त्यांची स्वतःची भाषा कशी होती?

इथे गांधीजींची बाजू कमकुवत आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. सुरुवातीच्या लेखनात ते कृष्णवर्णीय आफ्रिकी लोकांना ‘काफिर’ म्हणत. अरबीतून आलेला हा शब्द तिथे वांशिक शिवी झाला होता आणि आज दक्षिण आफ्रिकेत तो उच्चारणेही गंभीर मानले जाते. १८९६ च्या मुंबईतील भाषणात, भारतीयांना या लोकांच्या पातळीवर उतरवले जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. १९०८ मध्ये तुरुंगातही आपल्याला त्यांच्यासोबत ठेवल्याबद्दल त्यांनी नाराजी नोंदवली. ‘अरब’ म्हणवून घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी गिरमिटियांशी जे केले, तेच बॅरिस्टर गांधी आफ्रिकी माणसाशी करत होते.

पुढे ही भाषा बदलली. मे १९०८ मधील जोहान्सबर्गच्या भाषणात त्यांनी सर्व वंश एकत्र नांदतील अशा भविष्याची कल्पना मांडली. पण त्यांचा लढा भारतीयांपुरताच राहिला. याच कारणावरून अक्रा येथील घाना विद्यापीठाच्या आवारातील त्यांचा पुतळा डिसेंबर २०१८ मध्ये हटवण्यात आला.

गोखले मराठीत का बोलले?

गिरमिट पद्धतीविरुद्ध भारतात कायदेमंडळात लढणारे नेते म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. फेब्रुवारी १९१० मध्ये त्यांनी मांडलेला ठराव सरकारने स्वीकारला आणि १९११ मध्ये नेटालला मजूर पाठवणे बंद झाले. ऑक्टोबर १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू राहत होते. त्यांच्यासमोर गोखल्यांनी इंग्रजी सोडून मराठीत बोलावे, दुभाष्याचे काम मी करतो, असा आग्रह गांधीजींनी धरला. गांधींचे मराठी किती, हे ठाऊक असलेल्या गोखल्यांना हसू आवरेना. पण ते मराठीत बोलले आणि परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा सभांत मराठीतच बोलत राहिले. ज्यांना इतर सगळे एकाच शब्दाने हाकारत, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणे हा मान होता.

१९१३ मध्ये गांधीजींनी मजुराचा वेश का घेतला?

तीन पौंडांचा कर रद्द होईल, असे आश्वासन मंत्र्यांनी गोखल्यांना दिल्याचे मानले जात होते. ते पाळले गेले नाही. त्यातच मार्च १९१३ मध्ये न्यायमूर्ती सर्ल यांच्या निकालाने ख्रिस्ती पद्धतीखेरीज झालेले विवाह अमान्य ठरले. एका निकालाने हजारो भारतीय स्त्रियांचे ‘पत्नी’ हे नाते कायद्याने पुसले गेले. आता कस्तुरबांसह स्त्रिया लढ्यात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतले मजूर संपावर गेले. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी गांधीजींसोबत ट्रान्सवालच्या सीमेकडे निघालेल्या मोर्चात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. संप नेटालच्या ऊसमळ्यांत पसरला, गोळीबारात मजूर मारले गेले.

डिसेंबरमध्ये सुटका झाल्यावर गांधीजी डरबनच्या सभेत आले, तेव्हा कोट-टाय नव्हता. मारल्या गेलेल्या मजुरांच्या दुखवट्यासाठी त्यांनी डोके भादरले होते आणि गिरमिटियांसारखे कपडे घातले होते. वीस वर्षांपूर्वी ज्याला आपण कुली नाही हे सिद्ध करायचे होते, तो बॅरिस्टर आता कुलीच्या वेशात सर्वांसमोर उभा होता. शब्दापासून पळण्याऐवजी त्यांनी त्यातला तिरस्कार नाकारला. १९१४ च्या कायद्याने कर रद्द झाला, विवाहांना मान्यता मिळाली. जुलै १९१४ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिका कायमची सोडली. भारतातून गिरमिटिया पाठवणे १९१७ मध्ये थांबले.

नाव देण्याचा अधिकार कुणाचा?

हा धडा गांधीजींनाही पुन्हा ऐकावा लागला. अस्पृश्यांसाठी त्यांनी ‘हरिजन’ हा शब्द रूढ केला. हेतू सन्मानाचा होता. पण जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत हा शब्द कायद्यात घालण्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारले नव्हते, हा आक्षेप होता. जर्मिस्टनच्या सभेत हॉस्किन यांना गांधीजींनी जे सांगितले, त्याच्या हे फार जवळचे आहे.

आज हे महत्त्वाचे का?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७५ मध्येच, कागदपत्रे नसलेल्या कामगारांना अधिकृत दस्तऐवजांत ‘बेकायदा’ म्हणू नये, ‘कागदपत्रांविना’ किंवा ‘अनियमित’ म्हणावे, असा ठराव केला. २०१३ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने आपल्या शैलीपुस्तिकेतून माणसासाठी ‘बेकायदा’ हे विशेषण वगळले. कृती बेकायदा असू शकते, माणूस नाही, हा त्यामागचा विचार.

मराठी वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. मुंबईत ‘घाटी’ म्हणून हिणवले जाण्याचा अनुभव इथल्या मराठी माणसाने घेतला आहे. त्याच मुंबईत ‘भय्या’ हा भावाचा शब्द टोमण्यासारखा वापरला जातो. आणि ‘परप्रांतीयांचे लोंढे’ हा मथळा आपल्या वृत्तपत्रांना नवा नाही. लोंढा पाण्याचा येतो. त्याला नाव, गाव, पोरेबाळे नसतात. स्थलांतराचा ताण घरांवर, लोकलवर, नोकऱ्यांवर येतो आणि त्यावर वाद घालायलाच हवा. पण तो आकड्यांनी, कायद्याने घालता येतो. १८९७ मध्ये डरबनच्या बंदरावर जमलेल्या गर्दीलाही दोन जहाजांमधून लोंढाच येतोय असे वाटले होते. प्रत्यक्षात उतरले ते काही शेकडा प्रवासी, आणि त्यातले अनेक जण आपल्याच घरी परतत होते.